वही मिटवून व्याकरण : राजारामपुरीतील एका इंग्रजी सराववर्गाविषयी

कोल्हापुरात इंग्रजी संभाषणाच्या वर्गांना तोटा नाही. राजारामपुरीच्या गल्ल्यांतून नुसती एक चक्कर मारली तरी ठरावीक दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवण्याची हमी देणाऱ्या पाट्या ओळीने दिसतात. मात्र ज्याचे इंग्रजी आधीच बरे आहे, ज्याला ग्राहकाच्या ईमेलला नीट उत्तर लिहिता येते, पण बैठकीत तोंड उघडले की ज्याची जीभ साध्या भूतकाळाच्या पुढे जात नाही, अशा माणसासाठी यांतली एकही पाटी नसते. त्या माणसासाठी चालवला जाणारा एक वर्ग मी या पावसाळ्यात केला. येथे फक्त व्याकरणातील वरच्या पातळीच्या रचना तोंडी घोटून घेतल्या जातात. वही-पेन बाहेर काढायला परवानगी नाही.

संध्याकाळच्या तुकडीत शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतील अभियंते, बँकेतील दोन अधिकारी, एक प्राध्यापिका आणि परदेशी जाण्याच्या तयारीतील काही तरुण होते. पद्धत सरळ आहे. मॅडम एक वाक्य देतात, मग एक इशारा देतात, आणि तीनेक सेकंदांत वाक्य बदलून म्हणायचे असते. ‘द ट्रक डिडन्ट कम’ एवढे ऐकले की ‘इफ द ट्रक हॅड कम, वुई वुड हॅव डिस्पॅच्ड द ऑर्डर’ असे उत्तर आले पाहिजे. त्यावर मॅडम फक्त ‘नाऊ’ म्हणतात आणि पुढच्याने उत्तरार्ध वर्तमानात आणायचा : ‘इफ द ट्रक हॅड कम, द कस्टमर वुडन्ट बी शाऊटिंग ॲट अस नाऊ.’ कागदावर ही दोन्ही वाक्ये तुकडीतील प्रत्येकाला बिनचूक लिहिता आली असती. तोंडाने म्हणताना मात्र पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक जण अडखळत होते.

या वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे रचनांची निवड. मराठी बोलणाऱ्याची जीभ नेमकी कोठे घसरते, याचा मॅडमनी बारकाईने विचार केलेला आहे. ‘ट्रक आला असता तर माल गेला असता’ या वाक्यात ‘असता’ दोन्हीकडे आहे; त्यामुळे आपण इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ घालतो आणि ‘इफ द ट्रक वुड हॅव कम’ असे म्हणून मोकळे होतो. गाडी सर्व्हिसिंग करून आणली, केस कापून घेतले, ही कामे दुसऱ्याने केलेली असतात, पण इंग्रजी बोलताना आपण ती स्वतःच्या नावावर टाकतो. ‘आय हॅड द बाइक सर्व्हिस्ड’ हे वाक्य सुचेपर्यंत ‘आय सर्व्हिस्ड माय बाइक’ तोंडातून गेलेले असते. ‘साहेब कुठे आहेत सांगाल का’ याचे ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द मॅनेजर’ होते, कारण प्रश्न पोटात गेल्यावर इंग्रजीत शब्दक्रम पालटतो, मराठीत पालटत नाही. आणि आपला एकटा ‘ना’ सगळीकडे पुरत असल्याने ‘यू हॅव्हन्ट सेंट इट’ या वाक्यालाही आपण ‘इजन्ट इट’ची शेपटी जोडतो. या चार जागांवर येथे जितकी मेहनत घेतली जाते, तितकी मी अन्यत्र कोठेही पाहिलेली नाही.

उच्चाराकडेही चांगले लक्ष दिले जाते. प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ देण्याच्या आपल्या सवयीमुळे ‘वुड नॉट हॅव बीन’ म्हणताना चार शब्द चार पायऱ्यांसारखे मोजले जातात, आणि वाक्य संपायच्या आत श्वास संपतो. मॅडम ते ‘वुडन्टव्बिन’ असे एका झटक्यात म्हणायला लावतात, जोर फक्त पुढच्या मुख्य क्रियापदावर ठेवून. हे जमू लागले की अवघड वाटणारी रचना आपोआप हलकी होते, आणि समोरचा इंग्रज किंवा अमेरिकी माणूस तीच रचना वापरतो तेव्हा ती कानालाही ओळखू येते. माझ्या मते संपूर्ण शुल्क या एका गोष्टीतच वसूल होते.

अशी घोकंपट्टी जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराने सैनिकांना परकीय भाषा शिकवताना तोंडी सरावावर भर दिला, मिशिगन विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइझ यांनी वाक्यरचनांच्या कवायतीला शिस्त लावली आणि पुढे ती ऑडिओलिंग्वल, म्हणजे ऐकून-बोलून शिकण्याची पद्धत म्हणून जगभर पसरली. भाषा ही सरावाने लागणारी सवय आहे, या मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनवादी विचारावर 1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी कडाडून टीका केल्यानंतर तिचा पाया डळमळला. शिवाय अर्थाकडे लक्ष न देताही विद्यार्थी पोपटासारखी बरोबर उत्तरे देतात, हा शिक्षकांचा अनुभव होताच. या दोषावर येथे एक चांगला तोडगा आहे : काही फेऱ्यांनंतर इशारे थांबतात आणि प्रत्येकाने स्वतःच्या कामातील खरी गोष्ट त्याच रचनेत सांगायची असते. फाउंड्रीतील एका अभियंत्याने कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, का आले याचा अंदाज सांगताना ‘द सँड मस्ट हॅव बीन डॅम्प, इट कान्ट हॅव बीन द मेटल’ असे न थांबता म्हटले, तेव्हा ती रचना त्याच्या मालकीची झाली हे सगळ्यांना कळले.

दुर्दैवाने या फेरीला वेळ पुरत नाही. तासाची शेवटची दहा मिनिटे तिच्यासाठी राखलेली असतात आणि बहुतेक वेळा तीही आधीच्या फेऱ्यांत जातात. कोल्हापूरकरांना सांगायला नको की तालमीत जोर-बैठका कितीही काढल्या तरी मातीत उतरल्याखेरीज कुस्ती येत नाही. या वर्गात जोर-बैठका उत्तम होतात आणि कुस्ती फारच थोडी. शिवाय प्रवेशासाठी लेखी चाचणी घेतात, हे तर मला अनाकलनीय वाटले. जेथे सगळे शिक्षण तोंडी, तेथे निवड कागदावर केल्यामुळे लेखी व्याकरणात पक्के पण बोलण्यात अगदी नवखे असे दोघे-तिघे तुकडीत आले, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक फेरीचा वेग कमी करावा लागला.

रचनांना दिलेल्या वेळेबाबतही माझा आक्षेप आहे. ‘नेव्हर हॅव आय सीन’, ‘हार्डली हॅड आय रीच्ड’ अशा शब्दक्रम उलटवणाऱ्या रचनांवर जवळजवळ आठवडा घालवला गेला. त्या लेखनात आणि भाषणात शोभतात. फोनवर ग्राहकाशी बोलताना कोणी त्या वापरू लागला तर तो व्यासपीठावर उभा असल्यासारखा वाटेल. उलट ‘व्हॉट वुई नीड इज अ न्यू फर्नेस’ ही रोजच्या बैठकीत हमखास लागणारी रचना एका संध्याकाळी उरकण्यात आली.

परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून येणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. त्या परीक्षेची तोंडी चाचणी 11 ते 14 मिनिटांची असते आणि ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार यांना सारखेच वजन असते. हा वर्ग व्याकरणाची बाजू भक्कम करतो आणि उच्चाराला हातभार लावतो. दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर एक ते दोन मिनिटे सलग बोलण्याची तयारी अन्यत्र करावी लागेल.

घरच्या सरावासाठी व्हॉट्सॲपवर ध्वनिफिती येतात. त्या नेमक्या आहेत, फक्त इशारा आणि उत्तर यांच्यामधली मोकळी जागा काही ठिकाणी इतकी लांब आहे की मनात वाक्य जुळवायला वेळ मिळतो आणि सरावाचा हेतूच फसतो. मी त्या सव्वापट वेगाने ऐकत असे. रंकाळ्यावर फिरताना इअरफोन लावून मोठ्याने उत्तरे दिली तर येणारे-जाणारे वळून पाहतात, पण पुटपुटून केलेल्या सरावाचा काही उपयोग होत नाही, हेही खरे.

शुल्क दरमहा अडीच हजार रुपये, म्हणजे आसपासच्या वर्गांपेक्षा बरेच जास्त आहे. ज्याला इंग्रजी वाक्य मुळातच जुळवता येत नाही त्याने येथे पैसे घालू नयेत. ज्याला लिहिता येते पण बोलताना रचना आठवत नाही, त्याने दोन महिने जरूर घालवावेत. प्रवेशापूर्वी एक तास बसून पाहण्याची मुभा मागितल्यास मिळते. शक्य असेल त्याने सकाळची तुकडी घ्यावी. तिथे सहा-सातच जण असतात, त्यामुळे बोलण्याची पाळी लवकर येते, आणि खालच्या ग्रिलवाल्याचे कटर अजून सुरू झालेले नसते.