किंगडम कम डिलिव्हरन्स: पहिला आधी खेळू की थेट दुसरा घेऊ?

गेल्या महिनाभरात तीन जणांनी मला हेच विचारलं, त्यातला एक माझा मावसभाऊ, त्याने तर रात्री साडेबाराला फोन केला की दादा सेल संपायला थोडाच वेळ राहिलाय, पहिला घेऊ की दुसरा, पटकन सांग. पटकन सांगण्यासारखं ते नाहीये, म्हणून आता एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. मी दोन्ही पूर्ण खेळलोय, पहिला दोनदा, त्यातला दुसऱ्यांदा हार्डकोर मोडवर, म्हणजे सगळ्यात अवघड प्रकारात, आणि दुसरा एकदाच पण अगदी सावकाश, रोज रात्री जेवण झाल्यावर दीड-दोन तास असा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. किंगडम कम हा प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओजचा व्हिडिओ गेम आहे. पहिला भाग १३ फेब्रुवारी २०१८ ला आला, दुसरा ४ फेब्रुवारी २०२५ ला. काळ १४०३ चा, जागा बोहेमिया, म्हणजे आजचं चेक प्रजासत्ताक. ड्रॅगन नाहीत, जादू नाही, कुठल्या भविष्यवाणीतला निवडलेला वीर नाही. राजकारण म्हणाल तर सरळ भाऊबंदकी आहे, चौथा चार्ल्स वारला, मुलगा वेन्सेस्लास गादीवर बसला, आणि सावत्र भाऊ सिगिस्मंडने त्यालाच कैद करून मुलूख लुटायला फौज आणली. स्कालित्झ नावाचं चांदीच्या खाणींचं गाव ही फौज जाळते, तिथल्या लोहाराचा मुलगा हेन्री आई-बापाचे मृतदेह मागे सोडून पळतो, आणि तो हेन्री म्हणजे तुम्ही. स्कालित्झ, रॅटाय, साझाऊचा मठ, टाल्मबर्ग ही सगळी खरी गावं आहेत, आजही नकाशावर सापडतात, आणि स्कालित्झवरचा हल्लासुद्धा इतिहासात झालेला आहे.

आता मुद्द्यावर येतो. लोक म्हणतात दुसरा भाग सगळ्याच बाबतीत सरस आहे, मग पहिल्यावर वेळ कशाला घालवायचा. दुसरा जास्त चांगला बनवलाय हे मलाही मान्य आहे. पण पहिल्यामध्ये एक गोष्ट आहे जी दुसऱ्यात तितकी येत नाही, ती म्हणजे काहीच न येणाऱ्या माणसाचं एकेक गोष्ट शिकणं.

एक उदाहरण देतो. पहिल्या भागात हेन्रीला वाचता येत नाही, लोहाराचा पोरगा, कोण शिकवणार. तुम्ही एखादं पुस्तक उघडता तर शब्दातली अक्षरं उलटीसुलटी झालेली दिसतात, अर्थ काही लागत नाही. मग तुम्हाला कुठूनतरी कळतं की उझित्झ गावात एक लेखनिक आहे, तो पैसे घेऊन शिकवतो. तिथे जायचं, शिकायचं, आणि मग पुन्हा पुस्तक उघडलं की थोडे शब्द लागायला लागतात, काही अजून विस्कटलेलेच, आणि जसजसं वाचत जाल तसतशी ती अक्षरं जागेवर बसत जातात. मी रात्री एक वाजता खुर्चीत पुढे झुकून एका जडीबुटीच्या पुस्तकातलं एक वाक्य लावत बसलो होतो आणि ते लागल्यावर जो आनंद झाला ना तो मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये मिळालेला नाही. हे नुसतं लेव्हल वाढणं नाहीये, तुम्हाला स्वतःलाच अक्षरओळख झाल्यासारखी वाटते.

लढाईचंही तेच. सुरुवातीला एक साधा लुटारूसुद्धा तुम्हाला लोळवतो, तलवार पाच दिशांनी फिरवायची आणि वर भोसकायचं वेगळं, समोरचा वार अडवतो, उलटा मारतो, दोघं अंगावर आले तर पळण्याशिवाय इलाज नाही. बरेच जण इथेच गेम सोडतात, मी वाचलेल्या आणि ओळखीतल्या लोकांच्या दहापैकी निम्म्या तक्रारी या पहिल्या दहा तासांतल्याच असतात. उपाय एकच, रॅटायला पोचलात की कॅप्टन बर्नार्डकडे जायचं आणि त्याच्याबरोबर लाकडी तलवारीने तास दोन तास सराव करायचा, कंटाळा आला तरी करायचा. मास्टर स्ट्राइक, म्हणजे अचूक वेळ साधून समोरच्याचा वार अडवता अडवताच उलटा मारायचा डाव, तोच शिकवतो. एकदा हात बसला की मग तोच लुटारू तुमच्यापुढे टिकत नाही, आणि तुम्हाला माहीत असतं की हे नुसतं चांगल्या चिलखतामुळे झालेलं नाही.

मात्र पहिल्याचे त्रास लपवून सांगणार नाही. या गेमची सुरुवात २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांनी दिलेल्या ११ लाखांहून जास्त पौंडांतून झाली, टीम छोटी आणि स्वप्न मोठं, ते ठिकठिकाणी दिसतं. रिलीजच्या वेळी बग्ज खूप होते हे जगजाहीर आहे, नंतरच्या पॅचेसनी (दुरुस्तीच्या अपडेट्सनी) बरंच मार्गी लागलं. कुलूप उघडण्याचा प्रकार कंट्रोलरवर नाकी नऊ आणतो, म्हणून मागाहून त्याचा सोपा पर्यायही दिला गेला, तो सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करा, त्यात कमीपणा काही नाही. शत्रूसुद्धा मास्टर स्ट्राइक मारतात आणि इतक्या वेळा मारतात की तुम्ही स्वतःहून वार करायलाच घाबरता. आणि सेव्ह! मनात येईल तेव्हा सेव्ह करायला सेव्हियर श्नॅप्स नावाची दारू लागते, नाहीतर बिछान्यात झोपल्यावर किंवा क्वेस्टच्या (गेममध्ये सोपवलेल्या कामाच्या) ठराविक टप्प्यांवर आपोआप सेव्ह होतं. सेव्ह करून बाहेर पडायची सोय पॅचमधून आली त्यामुळे मध्येच आईने हाक मारली तरी आता चिंता नाही. श्नॅप्स सारखी विकत घेत बसू नका, बेलाडोना आणि नेटल (अंगाला लागली की आग होते ती वनस्पती) गोळा करा, वाइनमध्ये उकळा, स्वतः बनवा. अल्केमीचं टेबल दोन्ही भागांत मस्त आहे, खलबत्त्यात कुटायचं, भाता ओढायचा, वाळूच्या घड्याळावर वेळ मोजायची, कुठेही नुसतं बटण दाबून औषध तयार होत नाही (एकदा नीट केलेली रेसिपी नंतर आपोआप करता येते, ते वेगळं).

दुसऱ्या भागात या त्रासातले बरेचसे गेलेत. वाराच्या दिशा पाचावरून चारवर आल्या, लढाई जास्त मोकळी वाटते, मास्टर स्ट्राइक आता फक्त तलवारीनेच होतो आणि समोरच्याच्या वाराच्या उलट दिशेने अचूक वेळ साधावी लागते, तो शिकायला भटक्यांच्या तळावर टॉमकॅट नावाच्या माणसाला शोधावं लागतं. क्रॉसबो आल्या, सुरुवातीच्या काळातल्या हातबंदुका आल्या, एक गोळी झाडायची आणि मग परत भरेपर्यंत देवाचं नाव घ्यायचं. गुन्हा केलात तर पहिल्या भागात दंड नाहीतर तुरुंग एवढंच होतं, इथे खोड्यात अडकवून चारचौघांत उभं करतात, छड्या मारतात, गुन्हा मोठा असेल तर तापलेल्या लोखंडाचा डाग देतात, आणि डाग असलेला माणूस पुन्हा पकडला गेला तर सरळ फाशी. लोक लक्षात ठेवतात, चोरी झाली त्या दिवशी तुम्ही आसपास दिसला होता एवढ्यावरूनही संशय घेतात. यामुळे झालं असं की मी या गेममध्ये चोरी करणंच जवळपास सोडलं, आणि माझ्या हेन्रीला ते शोभलंही.

पण दुसऱ्या भागातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट भट्टी आहे. पहिल्या भागात लोहाराचा मुलगा असून हेन्री ऐरणीवर काहीच घडवत नाही, हे मला कायम खटकायचं. दुसऱ्यात लोखंड भट्टीत घालायचं, भाता मारायचा, रंग बघायचा, लालपिवळं झालं की ऐरणीवर घेऊन एका लयीत ठोकायचं, एकाच जागी ठोकत राहिलात तर बिघडतं, गार होऊन काळपट पडलं की परत भट्टीत, दोन्ही बाजू सारख्या झाल्या की शेवटी पाणी द्यायचं. आणि तुमचा हात लयीत पडत असेल तर हेन्री शीळ घालायला लागतो. कोणी सांगत नाही, स्क्रीनवर काही येत नाही, नुसती शीळ. लहानपणी गावी लोहाराच्या दारात उभं राहून बघितलेलं सगळं मला आठवलं, त्या ठिणग्या उडायच्या आणि आजोबा मागे ओढायचे. मी एका रात्री क्वेस्ट बाजूला ठेवून फक्त घोड्याचे नाल घडवत बसलो.

जगाचं म्हणाल तर पहिल्याचा नकाशा म्हणजे खेडी, जंगल, ओढे, एक मठ, दोन-तीन गढ्या. दुसऱ्यात दोन नकाशे आहेत, आधी ट्रोस्की किल्ल्याभोवतीचा डोंगराळ हिरवा मुलूख (दोन सुळक्यांवर दोन बुरूज असलेला तो किल्ला आजही पडक्या अवस्थेत उभा आहे), मग कुट्टेनबर्ग, म्हणजे आजचं कुटना होरा. हे शहर चांदीवर उभं राहिलं, प्रागचे ग्रोशेन म्हणजे गेममध्ये तुम्ही खर्च करता ती नाणी १३०० पासून इथेच पाडली जायची. सेंट बार्बराचं चर्च १३८८ ला बांधायला घेतलेलं, त्यामुळे गेममध्ये ते अजून बांधकामातच आहे. गल्लीतून चालताना खाटकाचं दुकान, न्हाणीघर, दारूड्यांची भांडणं, खाणीतून परतणारी माणसं, मी पहिल्यांदा वेशीतून आत शिरलो तेव्हा पळायचं बटण सोडून दिलं आणि नुसता चालत राहिलो. सिगिस्मंडला हा मुलूख का हवाय हे पहिल्या भागात लोक तुम्हाला सांगतात, कुट्टेनबर्गमध्ये ते डोळ्यांनी दिसतं.

गोष्टीच्या बाबतीत मात्र पहिल्याचे काही प्रसंग आजही वरचढ आहेत. उझित्झचा पाद्री फादर गॉडविन, त्याच्याबरोबर रात्रभर पिऊन दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी चर्चमध्ये हेन्रीने प्रवचन द्यायचं, आणि ते देताना यान हुसचे (चर्चवर टीका करणारा त्या काळचा चेक धर्मसुधारक) विचार कधी बोलण्यात येतात तेही कळत नाही. किंवा साझाऊच्या मठात नवशिका साधू बनून राहायचं तो भाग, तलवार नाही, चिलखत नाही, घंटा झाली की प्रार्थनेला, घंटा झाली की जेवायला, वेळ चुकली की शिक्षा. अर्ध्या लोकांना तो असह्य होतो, माझा मावसभाऊ तिथेच अडकून वैतागला होता. मला तो अख्ख्या गेममधला सगळ्यात धाडसी भाग वाटतो. दुसऱ्यात सेमिन गावातलं लग्न हा तसाच लक्षात राहणारा प्रसंग आहे, तिथे पोचायला लोहाराकडे काम धरा नाहीतर गिरणीवाल्याकडे, दोन्ही वाटा वेगळ्या.

थेट दुसरा सुरू केला तर कळेल का? कथा कळेल. सुरुवातीला गप्पांमधून मागचं सांगितलं जातं, हेन्रीला आधी काय येत होतं तेही तुम्ही उत्तरांतून ठरवता, पहिल्याची सेव्ह फाइल आणायचा प्रश्नच नाही कारण ती सोयच नाहीये. पण पहिला भाग जिथे संपतो बरोबर तिथूनच दुसरा सुरू होतो, आणि हॅन्स केपन हा सरदारघराण्यातला उर्मट पोरगा हेन्रीचा दोस्त कसा झाला, एकाला दुसऱ्याशिवाय का करमत नाही, हे तुम्ही जगलेलं नसेल तर ट्रोस्कीतलं त्यांचं भांडण तुम्हाला नुसतं भांडण वाटेल. मला ते बघताना घशात आवंढा आला होता. हेन्रीच्या बापाने घडवलेल्या तलवारीचंही तसंच, पहिल्यात ती हातून कशी जाते ते बघितलेल्या माणसाला दुसऱ्यात तिचं नाव निघालं तरी पुरतं.

मशीनचंही बघा. दुसऱ्याला किमान जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम आणि १०० जीबी एसएसडी जागा सांगितलीय, आणि कन्सोल असेल तर पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीजच लागतो. पीएस४ किंवा जुना लॅपटॉप असेल तर विचारच करू नका, पहिला घ्या, फक्त एसएसडीवर टाका, हार्ड डिस्कवर रॅटायमध्ये घरांच्या भिंती उशिरा उमटतात. दुसऱ्यात चेक आवाज लावता येतात, ते लावून इंग्रजी सबटायटल्स ठेवली तर वातावरण एकदम बदलतं, मी शेवटचे वीसेक तास तसाच खेळलो.

म्हणून मावसभावाला जे सांगितलं तेच इथे सांगतो. गेम हळू असला तरी चालतो, हरायची चीड येत नाही, आणि वर्षभरात दोन्ही खेळायचेत असं मनात असेल तर पहिला घ्या, रॉयल एडिशन घ्या, त्यात सगळे डीएलसी (मुख्य गेमला नंतर जोडलेले जास्तीचे भाग) येतात आणि सेलमध्ये ती खूपच स्वस्त मिळते. त्याला पंधरा तास द्या. वाचायला शिकलात, बर्नार्डकडे सराव केलात आणि तरीही मन रमलं नाही तर बिनधास्त सोडा, मागची कथा एखाद्या व्हिडिओत बघा आणि दुसऱ्यावर या. नोकरी, घर, लेकरं सांभाळून आठवड्याला चार तासच मिळत असतील आणि मशीन दमदार असेल तर थेट दुसरा, मी अडवणार नाही. उलटं मात्र करू नका, म्हणजे दुसरा संपवून मग पहिला. एका मित्राने केलं, भट्टीची, मोठ्या शहराची सवय लागलेली, त्याला पहिला तीन तासांच्या वर सोसला नाही.

आणि पहिला घेतलात तर एक लक्षात ठेवा, स्कालित्झच्याच थेरेसा नावाच्या मुलीची गोष्ट सांगणारा अ वुमन्स लॉट हा डीएलसी घाईत सुरू करू नका. एकदा तिच्याशी बोलून तो चालू केलात की तो संपेपर्यंत हेन्रीकडे परत येता येत नाही, आणि त्याला काही तास लागतात. सुट्टीचा दिवस बघून करा. स्कालित्झ जळत असताना गावात मागे राहिलेल्यांचं काय झालं ते तिच्या डोळ्यांनी बघायला मिळतं, आणि मट हा कुत्राही त्याच डीएलसीमुळे पहिल्या भागात आलाय.