बाळ गेलेल्या घरची पहिली दिवाळी: फ्रेम न्यावी की वाकळ?

सोलापुरात दिवाळीला कुणाकडे काय न्यायचं, याचा फार विचार करावा लागत नाही. फराळाचा डबा, नाहीतर चादर. पण ज्या घरात या वर्षी बाळ येऊन लगेच गेलं, तिथं काय न्यायचं हे कुणी सांगत नाही. माझ्या बहिणीचं बाळ पावसाळ्यात दवाखान्यातूनच गेलं. पुढची दिवाळी तोंडावर आली, तसा मी बरेच पर्याय चाळले आणि दोनवर येऊन थांबलो: बाळाच्या पावलांच्या ठशांची फ्रेम, किंवा बाळंतविड्यातल्या कपड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी. तुम्हीही अशाच कुणासाठी शोधत असाल, तर माझा अनुभव कदाचित कामाला येईल.

मोठं माणूस गेलं तर आपल्याकडं रीत ठरलेली असते. पहिल्या सणाला घरात तळण होत नाही, आकाशकंदील लागत नाही. सोयरे फराळ घेऊन येतात, जवळ बसतात, दुखवटा काढतात. तान्ह्या बाळाचं तसं काहीच नसतं. अग्नी देत नाहीत, पुरतात. दहावं-तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. म्हणून लोकांना वाटतं की या घरात दुखवटाही नाही. "वय आहे अजून, होईल दुसरं" एवढं बोलून माणसं उठतात. इकडं आई बाळंतीण असते, अंगावर दूध आलेलं असतं, आणि तिला पाहुण्यांपुढं चहा ठेवावा लागतो. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मल्यावर लगेच गेलं तर ६० दिवसांची खास प्रसूती रजा लागू केली, ती या धक्क्याचा परिणाम आईवर फार काळ राहतो हे धरूनच. नात्यागोत्यात मात्र हे अजून उतरलेलं नाही. त्यामुळे आपण नेतो ती वस्तू कितीही साधी असो, "तुमच्याकडं बाळ आलं होतं, आम्हाला माहीत आहे" एवढं तिच्यातून पोचलं पाहिजे.

या कसोटीवर काही पर्याय लवकर गळतात. फराळ न्यायचाच, पण त्याला भेट समजू नये, ते आपलं कर्तव्य आहे. सजवलेला खोका नको, घरच्या डब्यात चकली-शेव न्या आणि डबा परत न्यायला पुन्हा एकदा जा. बाळाच्या नावानं दान चांगलंच, पण कुठं आणि कधी करायचं हे आईवडिलांनी ठरवावं, आपण परस्पर पावती आणून हातात देऊ नये. चांदीचे वाळे, पाळण्यातलं खेळणं असलं काहीही नको.

रोपाचा विचार मी बराच केला होता. अंगणात बाळाच्या नावाचं एक झाड, कल्पना सुंदर आहे. पण आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीच्या पुढं जातो आणि कुंडीतलं रोप चार दिवस दुर्लक्ष झालं तरी मान टाकतं. ते वाळलं तर त्या आईला काय वाटेल, हे मनात आलं आणि मी तो विचार सोडला. ज्यांची शेती आहे, विहिरीला पाणी आहे, त्यांचं गणित वेगळं असू शकेल.

सोलापुरी चादरीला मी नावं ठेवणार नाही. दोन्ही बाजूंनी उमटणारी जेकार्डची नक्षी, चार धुण्यांनंतर येणारा मऊपणा, याला तोड नाही. पण आपल्या गावात लग्नाला चादर, निवृत्तीला चादर, सत्काराला चादर. ज्या भेटीत त्या बाळाचंच काही असावं असं वाटतं, तिथं चादर थोडी सर्वांची होऊन जाते. वेळच उरला नसेल तर मात्र निःशंक न्या, फिक्या रंगाची बघून.

आता फ्रेम. काही दवाखान्यांत जन्मानंतर बाळाच्या पावलांचे ठसे कागदावर घेतात. तो कागद मिळाला असेल तर त्याच्यासारखा दुसरा ठेवा नाही. ज्या आईवडिलांजवळ बाळाचा एकही धड फोटो नसतो, त्यांच्याजवळ तेवढीच खूण असते. फ्रेम लवकर होते, खर्च बेताचा असतो आणि भेट काय आहे हे बघताक्षणी कळतं. हे सगळं फ्रेमच्या बाजूनं मी मनापासून मोजलं. नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो. बाळाच्या म्हणून जे नमुने दाखवतात त्यांवर फुगे, अस्वल, जन्मवेळ, वजन. दुसऱ्या बाजूला हाराचं नक्षीकाम आणि "भावपूर्ण श्रद्धांजली". मधलं काही मागितलं की दुकानदार गोंधळतो. एकानं नाव विचारलं. बारसं व्हायच्या आधीच बाळ गेलेलं. बहीण आणि दाजी घरात हाक मारायचे ते नाव मला माहीत होतं, पण ते काउंटरवर सांगायला माझी जीभ रेटेना.

तरी हे निभावलं असतं. साधी लाकडी चौकट, आत फक्त ठसे, नाव नाही, असं करून घेता येतं. माझं गाडं अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर: फ्रेमला भिंत लागते. बहिणीचं घर जुळे सोलापूरला, दोन खोल्यांचं. भिंतीवर लावलं तर येणाऱ्या प्रत्येकाला दिसणार. दूधवाला, शेजारीण, गॅसवाला, दिवाळीला आलेली पोरं, सगळ्यांना. प्रत्येक जण एकतर विचारणार, नाहीतर विचारायचं टाळून मान फिरवणार. तान्ह्या लेकराचा फोटो भिंतीवर लावत नाहीत असं सासूबाईंचं मत, आणि त्या काही कठोर बाई नव्हेत, त्यांचाही नातूच गेला होता. लावली नाही तर फ्रेम कपाटात जाते, आणि मग ती कपाटात का ठेवली याची रुखरुख आईलाच लागते. म्हणजे मी दिलेल्या वस्तूनं तिला रोज एक निर्णय घ्यायला लावायचा. हे मला फार खटकलं, आणि मी कितीही समजूत घातली तरी खटकतच राहिलं.

वाकळीला भिंत लागत नाही. घडी घालून फळीवर ठेवली तर ती इतर अंथरुणांतलं एक अंथरूण असते, आणि रात्री अंगावर घेतली तर ती फक्त त्या दोघांची असते. दाखवायची की नाही, हे त्यांच्या हातात राहतं.

अडचण एकच होती आणि ती मोठी होती. बाळंतविडा कापायचा कसा? कुंची, दोन झबली, आजीनं जुन्या लुगड्याची केलेली मऊ दुपटी, सगळं एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलेलं. एकदा कात्री लागली की परत येत नाही. हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या वाकळ शिवणाऱ्या मावशींनीच सोडवला. त्या म्हणाल्या, "वरनं लावायचंच कशाला? पोटात घालू की." वाकळीच्या आत जुन्या कपड्यांचे थर असतात, त्यालाच त्या पोट म्हणत होत्या. वरून बहिणीची एक सुती साडी, खालून दाजींची लुंगी, आणि मधल्या थरात दुपटं, न कापता, सपाट पसरून. त्यावरून धावदोरा. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मधोमध हात फिरवला तर तेवढाच चौकोन किंचित जाड लागतो.

दाजींची लुंगी घालावी हे मला मुद्दाम सुचलं. बाप या सगळ्यात मागं राहतो. जो भेटेल तो त्यांना "ती कशी आहे?" एवढंच विचारत होता. तुम्ही काहीही न्या, त्यात दोघांचं काहीतरी असावं.

वाकळीचे तोटे सांगतो. ती अचानक देता येत नाही. आईला विचारावं लागतं, आणि ती "आत्ता नको" म्हणाली तर विषय तिथंच थांबवायचा, पिशवी आपण होऊन उघडायची नाही. मी बहिणीला एकटीला गाठून विचारलं. तिनं लगेच उत्तर दिलं नाही, काही दिवसांनी दुपटं स्वतः घरी आणून दिलं आणि कुंची मात्र ठेवून घेतली. दुसरं, हातशिलाईला वेळ लागतो. दसऱ्याच्या पुढं टाकली तर दिवाळीला मिळेलच असं नाही, कारण तेव्हा मावशींच्याही घरी साफसफाई, तळण सुरू होतं. तिसरं, शिवणारीला खरं काय ते सांगा, म्हणजे दुपट्याला कुणी कात्री लावणार नाही.

फ्रेम चुकीची असं मला म्हणायचं नाही. काही आईवडील भेटायला आलेल्याला स्वतःहून मोबाइलमधला फोटो दाखवतात, बाळाचं नाव घेऊन बोलतात. त्यांना भिंतीवर जागा हवी असते आणि ती त्यांना कुणी देत नाही. अशा घरी फ्रेमच न्यावी. पण जे गप्प झालेत, ज्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज येत नाही, आणि बहुतेक घरं अशीच असतात असं मला वाटतं, तिथं मी वाकळच निवडेन.

कधी न्यायची तेही बघा. वसुबारसेला अजिबात नको. गाय-वासराची पूजा लेकरांसाठी असते, त्या दिवशी त्या घरी आपण होऊन जायचं असेल तर रिकाम्या हातानं, नुसतं बसायला. मी भाऊबीजेपर्यंत थांबलो नाही, वसुबारसेच्या आधीच संध्याकाळी जाऊन दिली. वर "शुभ दीपावली"ची चिठ्ठी लावली नाही. पहिल्यांदा धुताना गार पाण्यात, वेगळी धुवायला सांगितली, साडीचा रंग दुपट्याला लागू नये म्हणून.

आणि संक्रांतीकडं लक्ष असू द्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या त्याच दिवसांत घरोघर बोरन्हाणाची बोलावणी येतात. त्या आठवड्यात त्यांना जेवायला आपल्याकडं बोलवा.