डीटीएफ मशीन घेताय? ए3 आणि रोल यांच्यात निवडताना आधी पांढऱ्या शाईचं बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात टी-शर्ट छपाई सुरू करणारी पोरं एकच प्रश्न घेऊन येतात: ए3 घेऊ की रोलचं मशीन? डीटीएफ म्हणजे डिझाइन आधी फिल्मवर छापायचं, त्यावर गोंदाची पावडर वितळवायची आणि हीट प्रेसनं ते कापडावर उतरवायचं. ए3 म्हणजे साधारण त्या मापाच्या फिल्मवर छापणारं छोटं मशीन, रोल म्हणजे फिल्मच्या गुंडाळीवर सलग छापणारं. मी शहापुरात दोन्ही चालवलीत. वेग आणि रंग यांबद्दल विकणारे भरपूर सांगतात. शाई कुठं अडते आणि अडली की कुणी सोडवायची, हे मात्र घेणाऱ्याला पहिल्या महिन्यात स्वतःच कळतं.

सगळा घोळ गडद कापडावर रंगांखाली लागणाऱ्या पांढऱ्या शाईचा. तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं. भिजवलेला चुना रात्रभर ठेवला की निवळी वर येते आणि चुना तळाला बसतो, तसंच इथं होतं. टाकीत, नळीत, डॅम्परच्या (छापणाऱ्या हेडच्या आधी शाई गाळणारी छोटी डबी) जाळीत साका बसतो. रंगीत शाईला हा त्रास फारसा नाही.

त्यात आपल्याकडचं काम लाटेसारखं येतं. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीआधी मंडळांचे शर्ट, मग गणपती, पुढे थंडीत गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांच्या जर्सी. मधले आठवडे मशीन उभं. शाई तेव्हाच बसते.

ए3 म्हणजे बहुतेक वेळा सहा रंगांच्या फोटो प्रिंटरचा केलेला डीटीएफ. हेडमधल्या शाईच्या सहा वाटांपैकी चार रंगांना, उरलेल्या दोन पांढऱ्याला. एप्सनच्या एल1800 जातीच्या हेडमध्ये प्रत्येक वाटेला 90 नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक भोकं. त्यातले पाच-सहा बंद पडले तरी काळ्या शर्टावर रेघा दिसतात. पांढरी फिरवायची सोय मुळात नसते; असली तर वरून जोडलेली. रोज सकाळी बाटली हातानं हलवायची, गरज पडली तर सिरिंजनं नळीतली जुनी शाई ओढून काढायची. पण याचा मोठा फायदा असा की सगळं हाताला लागतं. झाकण उघडलं की डॅम्पर समोर. शिकायला याच्यासारखं मशीन नाही.

रोलच्या मशीनमध्ये साधारण दोन एक्सपी600 हेड असतात, एक रंगांना, एक पांढऱ्याला. एका हेडला 1080 नोझल, म्हणजे पांढरी दाट पडते आणि दोन-चार बंद असले तरी काम निभावतं. टाकीत ढवळणी आणि शाई फिरवणारा पंप असतो. मात्र हे फिरवणं बहुतेक मशीनमध्ये डॅम्परच्या आसपास संपतं. हेडच्या आतली शाई जागीच राहते. ‘आमचं मशीन आठ दिवस बंद ठेवा, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. शिवाय एक हेड गेलं की सगळं मशीन थांबतं, आणि नवं हेड बसवून त्याची जुळणी करणं नवख्याचं काम नाही.

माझं पहिलं ए3 दिवाळीत पाच दिवस बंद होतं. उघडल्यावर पांढरी अर्धीच आली. मी लागोपाठ दहा-बारा वेळा हेड क्लीनिंग (पंपानं शाई ओढून हेड साफ करणं) मारलं. शाई गेली, शेवटी हेडही बदललं, आणि नव्या हेडलाही तोच रोग! दोष कॅपच्या, म्हणजे मशीन उभं असताना हेड झाकणाऱ्या टोपीच्या, रबरात होता. कडेला वाळलेल्या शाईचा पापुद्रा धरला होता, त्यातून हवा शिरत होती, त्यामुळे कॅपमधून शाई ओढणाऱ्या पंपाला ओढच मिळत नव्हती. ओल्या कापडानं निघालं असतं.

म्हणून हेडला हात लावण्याआधी नोझल चेक, म्हणजे प्रत्येक नोझलची रेघ दाखवणारा चाचणीचा नमुना, वाचायला शिका. पांढऱ्या रेघा पारदर्शक फिल्मवर दिसत नाहीत, फिल्म काळ्या शर्टावर धरा. तुटलेली रेघ दर वेळी त्याच जागी असेल तर नोझल चोंदलंय. जागा बदलत असेल तर नळीत हवा आहे. चेक पूर्ण येतो पण वीतभर छापल्यावर पांढरी विरते, तर शाई पोचत नाही: डॅम्पर बघा, टाकीच्या हवेचं भोक बघा. पूर्ण रंगच गायब असेल तर कॅप काठोकाठ क्लीनिंग लिक्विडनं भरा, हेड त्यावर बसवून एक क्लीनिंग द्या, मग हेड सरकवा. कॅप कोरडी झाली तर पंप ओढतोय; दोष रबरात किंवा डॅम्परमध्ये. लिक्विड तसंच राहिलं तर पंप किंवा त्याची नळी तुंबलीय. ही तपासणी दोन्ही मशीनना सारखीच लागू, फक्त रोलमध्ये नळ्या लांब, त्यामुळे हवा काढायला वेळ आणि शाई जास्त जाते.

गावाचाही विचार करा. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात पावडर गोळा होते, फिल्म ओली लागते. अथणी-चिकोडीकडे एप्रिलात नोझलच्या तोंडाशीच शाई वाळते. खोलीत आर्द्रता 40 ते 60 टक्के राहावी. शंभर-दोनशे रुपयांचं साधं मीटर भिंतीला लावा. आणि यूपीएस हवाच. छपाईच्या मधेच वीज गेली तर हेड कॅपबाहेर उघडं राहतं.

कपड्यावर थेट छापणारं डीटीजी काहीजण विचारतात. पांढरी शाई तिथंही हीच, आणि जर्सी पॉलिएस्टरची, तिच्यावर डीटीजी नीट उठत नाही. आपल्या कामाला ते बसत नाही.

मग घ्यायचं काय? वर्षभर आठवड्यातले पाच दिवस तरी छापणार असाल आणि मशीनजवळ रोज एक माणूस असेल, तर रोल. रोज थोडं छापता येईल, हात काळे करायची तयारी असेल, तर ए3. फक्त सणांपुरतं काम असेल तर यातलं काहीच घेऊ नका. मीटरवर छापलेली फिल्म विकत मिळते, हीट प्रेस तेवढा घ्या.

मशीन बघायला जाल तेव्हा सकाळी, ते चालू करायच्या आधी जा. काळा शर्ट बरोबर न्या. पहिला नोझल चेक घ्या, मग अर्धा मीटर भरगच्च पांढरं छापायला लावा आणि लगेच दुसरा चेक घ्या. दोन्ही फिल्म शर्टावर शेजारी-शेजारी ठेवा आणि रेघा मोजा.