फायबर आठ महिने वापरून: डॉक्टर दिसतात, लाईट असेल तर

फायबर इंटरनेटचं कनेक्शन घेतलं ते आईसाठी. तिला बीपी आणि शुगर दोन्ही, आणि तालुक्याला जायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस मोडतो. स्पीडबद्दल लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ३९९ सांगतात आणि जीएसटी लावून ४७१ घेतात, तेवढं लक्षात ठेवा.

ई-संजीवनी, म्हणजे घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टर दाखवणारी सरकारी सेवा, तिच्याबद्दल मला फारशी आशा नव्हती. पण नंबर टाका, ओटीपी, टोकन, की डॉक्टर समोर. पैसे शून्य. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून ओटीपीपुरता फोन खिडकीच्या गजाला टांगतो. डॉक्टर दर वेळी वेगळे, तेव्हा जुनी चिठ्ठी हाताशी ठेवा.

जूनमध्ये आईचे पाय सुजले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घोट्याच्या वर अंगठ्याने दाबा, सोडा, खड्डा राहतो का बघू." पाय स्टुलावर घेतला, दाबला, सोडला आणि लाईट गेली. राउटरचे सगळे दिवे विझले. खड्डा आम्हीच बघत बसलो.

कस्टमर केअर म्हणे, "सर, लाईट गेली की नेट जाणारच." का जाणार? फायबरमधून उजेड येतो, वीज लागते ती दोन टोकांना. त्यांच्या टोकाला बॅटरी, माझ्या टोकाला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर! ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं २०११ सालीच ठरलं, तेच पुढे भारतनेट झालं. आणि २०२५ उलटून गेल्यावरही कोकणातल्या पावसात लाईट जाते हे कनेक्शन जोडायला आलेल्या पोराला ठाऊक नसावं? एक शब्द बोलला नाही. पाचपैकी दोन.

तीन आठवड्यांनी: वरचं रागात लिहिलं होतं. लाईट गेल्यावर राउटर चालू ठेवणारा १,३५० रुपयांचा मिनी यूपीएस आणला (घेताना अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवा). चार तास आरामात निघतात. दुसऱ्या डॉक्टरांनी तोच खड्डा बघितला. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिननेही सूज येते, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, आरोग्य केंद्रात दाखवा, म्हणाले. तिथे तपासून गोळी बदलली, सूज उतरली. म्हणजे जावं लागलंच, पण कशासाठी जातोय ते कळून गेलो. आता साडेतीन.

उरलेले दीड गुण यूपीएसचे १,३५० बिलातून वळते केले तर. तशी तक्रार टाकली होती. काल 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा मेसेज आला. तोही खिडकीशी जाऊन वाचला.