वापरलेला वेव्हफॉर्म मॉनिटर घेण्याआधी हे वाचा

व्हिडिओ सिग्नलची पातळी आलेखावर मोजून दाखवणारं यंत्र, म्हणजे वेव्हफॉर्म मॉनिटर, वापरलेला घेऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मला ज्या पद्धतीनं फसवलं, ती नुसतं मशीन चालू करून लक्षात येत नाही. वेव्हफॉर्म उमटतो, व्हेक्टरस्कोपवर (रंग मोजणाऱ्या गोल आलेखावर) कलर बारचे, म्हणजे चाचणीच्या रंगीत पट्ट्यांचे, ठिपके आपापल्या चौकटीत बसतात, आणि तरीही विकणाऱ्यानं सांगितलेलं निम्मं काम ते मशीन करत नाही.

जाहिरातीत ३जी-एसडीआय (केबलवरून व्हिडिओ नेणारी जास्त वेगाची जोडणी), गॅमट अलार्म (रंग मर्यादेबाहेर गेल्याचा इशारा), एचडीआर (जास्त उजेडाचा व्हिडिओ) असं सगळं होतं. सोबत मशीनमधल्या ऑप्शन्सच्या, म्हणजे जादा सोयींच्या, पानाचा फोटो, प्रत्येक ओळ चालू दाखवणारा. विक्रेता फोनवर ठासून सांगत होता की सॉफ्टवेअरमधले स्कोप, म्हणजे असेच मोजमापाचे आलेख, अंदाजेच दाखवतात. हे अर्धसत्य आहे. दाविंची रिझॉल्व्ह, प्रीमियर किंवा फायनल कट या एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या स्कोपवर ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेड जुळवणं, व्यवस्थित होतं. वेगळं मशीन लागतं ते कॉम्प्युटरच्या आउटपुट कार्डातून प्रत्यक्ष बाहेर पडणारा सिग्नल तपासायला. मला नेमकं तेच हवं होतं.

मशीन आलं. १०८०आय५० (एकाआड एक ओळी पाठवणारं एचडी) व्यवस्थित दिसलं, १०८०पी५० (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं) दिलं की ‘नो सिग्नल’. पहिल्याला सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिटचा एचडी-एसडीआय पुरतो, दुसऱ्याला जवळपास ३ गिगाबिटचा ३जी लागतो. विक्रेत्यानं केबलला दोष दिला. तीच केबल दुसऱ्या मॉनिटरला लावली तर चित्र स्वच्छ. तसं कळवल्यावर त्यानं पी५०चं आय५० करणारा एक कन्व्हर्टर पाठवला आणि म्हणाला, “आता काहीच अडचण नाही.”

या कन्व्हर्टरची मला सर्वात जास्त चीड आहे. १०-बिट व्हिडिओत (उजेडाची पातळी ० ते १०२३ आकड्यांत) काळा ६४ वर, पांढरा ९४० वर असतो, आणि त्याच्याही वर १०१९ पर्यंत, म्हणजे साधारण १०९ टक्क्यांपर्यंत सिग्नल जाऊ शकतो. मी तिथपर्यंत सलग चढत जाणारा चाचणी-सिग्नल, म्हणजे रॅम्प, सोडला. स्कोपवर रेघ १०० पर्यंत चढली आणि पुढे सपाट झाली. कन्व्हर्टर वरचा भाग सरळ कापत होता. युरोपातल्या प्रसारकांच्या ईबीयू या संघटनेच्या आर१०३ शिफारशीत आरजीबी (लाल, हिरवा, निळा) पातळ्यांना उणे ५ ते १०५ टक्के इतकी मुभा आहे. त्याच्या वर गेलेली फाइलसुद्धा या जोडणीत निर्दोषच दिसली असती! मोजमापाचं यंत्र म्हणून विकलेल्या वस्तूनं दोष झाकावा, याला मी व्यवहारातली कुरबूर मानत नाही.

फोटोचा उलगडा नंतर झाला. अशा बऱ्याच मशीनमध्ये ऑप्शन म्हणजे सॉफ्टवेअर की (ती सोय उघडणारा कोड) असते आणि ती सीरियल नंबरला बांधलेली असते. फोटोत नंबरावर नेमकी चमक पडली होती. माझ्या मशीनवर तेच पान उघडलं तर फक्त एसडी आणि एचडी. पुढे तोच फोटो त्याच विक्रेत्याच्या दुसऱ्या जाहिरातीतही सापडला. पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, “वापरलेला माल परत घेत नाही.” जाहिरात, त्याचे मेसेज आणि दोन्ही ऑप्शन पानांचे फोटो जोडून मी पेमेंट सेवेकडे तक्रार केली आहे. निकाल अजून लागलेला नाही.

तुम्ही घेणार असाल तर फोटो स्वीकारू नका, थेट व्हिडिओ कॉल मागा. मशीन बंद करून पुन्हा सुरू करायला लावा. मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर आणि ऑप्शन्सचं पान एकाच सलग दृश्यात बघा, आणि तो नंबर निर्मात्याच्या सेवाकेंद्राला विचारा. मग तुम्ही ज्या फॉरमॅटमध्ये काम करता त्याच फॉरमॅटचा सिग्नल मध्ये कन्व्हर्टर न घालता द्यायला सांगा. ७५ टक्क्यांचे बार असतील तर आरजीबी परेडमध्ये (लाल, हिरवा, निळा शेजारी-शेजारी दाखवणाऱ्या आलेखात) रंगीत पट्ट्यांच्या जागी तिन्ही रंगांचे माथे ७५ वर सपाट यायला हवेत. बारनंतर रॅम्प मागा, तोही १०० च्या वर जाणारा. माझ्या विक्रेत्यानं सगळीकडे फक्त बारच दाखवले होते, कारण ७५ टक्क्यांचे बार १०० च्या वर जात नाहीत आणि कापाकापी त्यांत दिसत नाही.