हप्ते थांबवायचे की भरत राहायचे? श्रीलंका आणि केनिया

देश कर्जात बुडाला की दोन वाटा उरतात. एक, सावकाराला सांगायचं की आता जमत नाही, बसून हिशेब नव्याने करू, म्हणजे कर्जाची पुनर्रचना करू. दुसरी, पोटाला चिमटा काढायचा पण हप्ता चुकू द्यायचा नाही. गेल्या काही वर्षांत श्रीलंका पहिल्या वाटेने गेली, केनिया दुसऱ्या. यांतली कुठली बाजू घ्यायची हे तुम्ही ठरवत असाल, तर अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणारा आंतरराष्ट्रीय नाणेनिधी चांगला की वाईट या वादात आधी शिरू नका. पहिला चटका कुणाला बसला ते बघा.

श्रीलंकेत आजार सरकारनेच ओढवून घेतला होता. डिसेंबर २०१९मध्ये राष्ट्रपती गोटाबाया राजपक्षे यांच्या सरकारने व्हॅट १५ टक्क्यांवरून ८वर आणला. पाठोपाठ कोविडने पर्यटन बसलं आणि २०२१मध्ये रासायनिक खतांवर एकाएकी बंदी आली. डॉलर आटत चालले होते, तरी १८ जानेवारी २०२२ला ५० कोटी डॉलरचे रोखे, म्हणजे बाजारातून उचललेलं परदेशी कर्ज, पूर्ण फेडले गेले. मला सगळ्यात जास्त खुपते ती ही तारीख. औषधं, गॅस, डिझेल आणायला परकीय चलन पुरत नव्हतं आणि एवढी रक्कम रोखेधारकांच्या हाती गेली. तीन महिने पुरे व्हायच्या आत, १२ एप्रिलला, परदेशी कर्जफेड थांबवल्याचं जाहीर झालं.

त्यानंतरचे हाल आठवले तरी अंगावर काटा येतो. पेट्रोलसाठी लोक रात्र-रात्र रांगेत. नंतर क्यूआर कोडवर इंधनाचं रेशन आलं: दुचाकीला आठवड्याला ४ लिटर, तीनचाकीला ५. तीनचाकी चालवून घर चालवणाऱ्याला ५ लिटरमध्ये आठवडा काढायचा होता. सप्टेंबरात महागाईचा दर ७० टक्क्यांच्या घरात गेला. त्याआधीच, ९ जुलैला, लोक राष्ट्रपती भवनात घुसले होते आणि चार दिवसांनी गोटाबाया देश सोडून पळाले होते.

मग मार्च २०२३मध्ये नाणेनिधीचं सुमारे ३ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर झालं. डिसेंबर २०२४मध्ये जुन्या रोख्यांच्या बदल्यात नवे रोखे दिले गेले, त्यात रोखेधारकांनी मुद्दलावर २७ टक्के पाणी सोडलं. या वाटेची खरी कमाई ही. पण सावकाराने सोसलं म्हणून जनता सुटली असं मात्र झालं नाही. वीज ऑगस्ट २०२२मध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी महागली, फेब्रुवारी २०२३मध्ये आणखी ६६ टक्क्यांनी. व्हॅट १८ टक्क्यांवर गेला. देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना करताना बँकांकडचे सरकारी रोखे वगळले आणि खासगी क्षेत्रातल्या नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीचं व्याज कापलं. आयुष्यभर पगारातून साठवलेल्या पैशाला हात लागला, हा अन्यायच. शिवाय पैसे नाहीत म्हणून मार्च २०२३च्या स्थानिक निवडणुका पुढे ढकलल्या, त्या झाल्या थेट २०२५मध्ये. २०२४मध्ये लोकांनी अनुरा कुमारा दिसानायके यांना राष्ट्रपती म्हणून निवडून दिलं. नाणेनिधीचा कार्यक्रम त्यांनीही चालूच ठेवला.

केनियाची गोष्ट वेगळी. जून २०२४मध्ये २ अब्ज डॉलरचे रोखे फेडायचे होते. त्यासाठी फेब्रुवारीत १.५ अब्ज डॉलरचे नवे रोखे काढले, परताव्याच्या हिशेबाने व्याज १०.३७५ टक्के. देश बुडला नाही, तिथलं चलन शिलिंग सावरलं, बाजाराचं दार उघडं राहिलं. हे थोडं नव्हे. पण एवढं व्याज भरायला पैसा हवा, म्हणून वित्त विधेयकात सुमारे ३४६ अब्ज शिलिंगचे नवे कर आले. मूळ मसुद्यात पावावर १६ टक्के व्हॅट होता, आणि पर्यावरण अधिभाराच्या कक्षेत सॅनिटरी पॅडही येत होते. सकाळी चहासोबत पाव खाऊन कामावर निघणाऱ्या माणसाला सरकारच्या कर्जाचा हप्ता त्या पावात दिसला. पावाचा कर नंतर काढला, तरी राग शमला नाही. तरुण पोरं रस्त्यावर आली. करवसुली करणाऱ्या बायबलमधल्या जक्कयाच्या नावावरून ती राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांना 'झकायो' म्हणून हिणवत होती. २५ जूनला संसदेत विधेयक मंजूर झालं आणि त्याच दिवशी जमाव संसदेत घुसला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. या आंदोलनात किमान ३९ जण मेल्याचं तिथल्या मानवी हक्क आयोगाने नोंदवलं. दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयकावर सही करायला नकार दिला. म्हणजे तेव्हा तो कर आलाच नाही, आणि जीव गेले ते गेलेच.

कुणी भारताचं १९९१चं उदाहरण देईल: मुंबईहून ४७ टन सोनं लंडनला गहाण गेलं, पण हप्ता चुकला नाही. खरं आहे. पण तेव्हाची आपली अडचण मुख्यतः हातात रोकड डॉलर नसण्याची होती. कर्ज पेलवण्यापलीकडे गेलेल्या देशाला ते औषध लागू पडत नाही.

मग निवड कशी करायची? टंचाई तात्पुरती असेल तर हप्ते भरत राहावं. देणं देशातल्याच बँकांचं आणि पेन्शन फंडांचं असेल तर थांबण्यापूर्वी दहादा विचार करावा. केनियाचं सुमारे निम्मं कर्ज असंच घरातलं आहे, त्यामुळे तिथल्या सरकारची भीती मला खोटी वाटत नाही. पण परदेशी रोख्यांचं व्याज भागवायला पावावर कर लावायची वेळ आली असेल, तर माझा कौल पुनर्रचनेला आहे. आणि तीही लवकर, गंगाजळी शिल्लक असताना. जानेवारी २०२२मध्ये श्रीलंकेकडे रोखेधारकांना द्यायला ५० कोटी डॉलर होते. मे महिन्यात अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की वापरता येतील असे ५ कोटीही उरलेले नाहीत.