बनावेच्या खाचरात कोणता भात: तिनावन की सुधारित?

फिलिपिन्समधल्या इफुगाव प्रांतातलं बनावे डोंगरउतारावरच्या भातखाचरांसाठी ओळखलं जातं. त्यातल्या बताद आणि बांगआनच्या खाचरांना 1995 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 2001 साली तीच 'धोक्यातील वारसा' यादीत गेली आणि 2012 साली बाहेर आली.

तिनावन म्हणजे 'वर्षातून एकदा' येणारा भात, आपल्या गरव्यासारखा, म्हणजे उशिरा तयार होणारा. थंडीला दबत नाही. हिवाळ्यात लावणी, जून-जुलैत कापणी. कापणी म्हणजे विळा नव्हे: तळहातात मावणाऱ्या सुरीने एकेक लोंबी खुडायची, जुड्या बांधून वाळवायच्या आणि खांबांवरच्या कोठारात रचायच्या. उंदीर चढू नयेत म्हणून खांबांना लाकडी चकत्या असतात. दाणे सहसा गळत नाहीत, म्हणूनच हे जमतं.

सखल भागातली सुधारित वाणं हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी. दोन पिकं निघतात, खाणारी तोंडं जास्त असतील तर हा मुद्दा मोठाच. पण दाणे लवकर झडतात, झोडणी शेतातच उरकावी लागते. दुसरं पीक वादळांच्या हंगामात सापडतं.

खरी अडचण पाण्याची. 1980च्या दशकात खाण्यासाठी आणलेली सोनेरी गोगलगाय कोवळी रोपं फस्त करते. उपाय म्हणून पाणी उतरवावं, तर सुकलेल्या खाचराला भेगा पडतात आणि पुढच्या पावसात बांध ढासळतो. त्यापेक्षा जराशी वाढलेली रोपं लावून गोगलगायी हाताने वेचाव्यात.

उंचावरच्या थंड खाचरात तिनावनच बरा. खाली, उबदार जागी सुधारित वाण चालेल.